तोंडबांध्या डाक्टर

"थांबा सिस्टर, मी या बाजूने येतो."

त्याच्याबरोबर चार पावलं चालायची वेळ आली, की हे वाक्य ठरलेलं. बोलण्याच्या नादात आपण त्याच्या डाव्या हाताला गेलो की तो थांबायचा, मागून वळसा घालायचा आणि आपल्याला उजवीकडे घेऊनच पुढे निघायचा. एकदा उधव्याच्या आठवडी बाजारात असा वळसा घालताना त्याने एका बाईच्या सुक्या बोंबलांच्या पाटीत पाय दिला. बाईने त्याच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. त्याने हात जोडले, खाली बसून विखुरलेले बोंबील एकेक करून पाटीत भरले, आणि मग वळसा पुरा करून याच बाजूने आला.

सुरुवातीला मला वाटलं, याचा डावा कान अधू असावा. म्हणून पहिले दोन महिने मी त्याच्याशी ओरडून बोलत होते. तो बिचारा ऐकून घ्यायचा.

मी तेव्हा तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढे एका आरोग्य केंद्रात नर्स होते आणि तो औषधाच्या खिडकीवर फार्मासिस्ट. तिशी ओलांडलेला, शिडशिडीत. घर नरपडला, समुद्राच्या अगदी जवळ. वडील बोटीवर जायचे, त्यांना वारून पुष्कळ वर्षं झाली होती. आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. घरातला पगारदार माणूस हा पहिलाच.

मी डहाणूत राहायचे, त्यामुळे आठवड्यातून दोनतीनदा त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचे. त्याला मागे कुणी बसलेलं फार आवडायचं. का, ते मला नंतर कळलं. मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचा चेहरा दिसत नाही. गाडीचा डावा आरसा मात्र रस्त्याकडे कधीच नसायचा, तो त्याच्याकडे वळवलेला असायचा. हायवेवर मागून ट्रक आला की मीच ओरडायचे, "अरे, बाजूला घे." म्हणजे त्याच्या गाडीचा आरसा मी होते.

तो आमच्याकडे हजर झाला ते करोनाचं वर्ष होतं. सगळ्यांचीच तोंडं बांधलेली. आम्हाला मास्कमध्ये गुदमरायचं, हा मात्र खुलला होता. पाड्यापाड्यावर जाऊन लोकांना लस घ्यायला तयार करणं हे काम आमच्यातल्या भल्याभल्यांना जमत नव्हतं, ते त्याने केलं. माणसं लांबूनच दार लावून घ्यायची. हा अंगणात मातीवर बसून राहायचा आणि कोंबड्यांबद्दल बोलायला लागायचा. अर्ध्या तासाने घरातलं कुणीतरी बाहेर यायचंच.

पुढे मास्क उतरले. याचा उतरला नाही.

आता तुम्हीच विचार करा, तीन वर्षं एका छपराखाली काम करायचं आणि माणसाचं नाक-तोंड पाहिलेलं नाही. मग तर्क चालायचे. आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं म्हणणं, लहानपणी कुत्र्याने ओठ फाडला असणार. कुणी म्हणे भाजलेलं आहे. आसपासच्या पाड्यांवर तर त्याचं नावच पडलं होतं, तोंडबांध्या डाक्टर. औषध देईल तो डाक्टर, एवढा साधा हिशोब. जेवायच्या सुट्टीत तो स्टोअर रूमचं दार आतून लोटून घ्यायचा. त्याच्या आईने दिलेलं मासळीचं कालवण आम्हाला बाहेर वाटून मिळायचं, तो स्वतः मात्र खोक्यांमध्ये बसून एकटा जेवायचा. मला याचा राग यायचा. एवढं कसलं सोवळं, असं मी एकदा तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

उशिरा यायचा, हीसुद्धा तक्रार होती. कधी अर्धा तास, कधी तास. विचारलं की "गाडी चालू होत नव्हती." आरशात बघत बसतो, नटवा आहे, असं म्हणून आम्ही हसायचो. ते आठवलं की आता बरं वाटत नाही.

खिडकीवर बसला की मात्र दुसरा माणूस. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. तो सकाळच्या गोळीच्या पट्टीचा एक कोपरा कात्रीने कापायचा, रात्रीच्या पट्टीचे दोन. मग त्यांच्याकडून बोटांनी चाचपून म्हणवून घ्यायचा. गुजरातच्या हद्दीतून कुणी आलं तर "जम्या पछी लेजो, काका," जेवल्यावर घ्या, असं चारचारदा सांगायचा. जळालेले हात, पांढरे डाग, वाहणाऱ्या जखमा, काहीही समोर आलं तरी त्याच्या डोळ्यांत वेगळं काही यायचं नाही. दुसऱ्याच्या दिसण्याबद्दल तो कधीही, चुकूनसुद्धा, एक शब्द बोलला नाही. असं वागणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

एका पावसाळ्यात भर दुपारी एका मुलीला आणलं. भाताच्या शेतात साप चावला होता. डोळ्यांच्या पापण्या उघडत नव्हत्या. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, सलाईन लावत होत्या आणि सर्पदंशाची लस स्टोअरमध्ये होती. मी मुलीच्या खाटेपासूनच त्याला ओरडून सांगितलं. दार उघडलं आणि तो धावत आला, हातात लसीच्या बाटल्या, बोटांना भात लागलेला आणि तोंडावर मास्क नाही.

पुढचा अर्धा तास कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. बाटल्या फोडणं, औषध मिसळणं, मुलीचा श्वास बघणं. तो माझ्या शेजारी उभा राहून एकेक सिरिंज भरून देत होता. मुलीने डोळे उघडले, आईला हाक मारली, तेव्हा मी मान वर केली.

समोर एक देखणा म्हणावा असा चेहरा होता. सावळा, रेखीव, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी. कुत्रा नाही, भाजलेलं नाही, काही नाही. मी बघते आहे हे त्याला दिसलं आणि त्याचा हात झटकन डाव्या जबड्यावर गेला. तसाच जबडा धरून तो मागे मागे सरकत स्टोअरमध्ये निघून गेला.

आणि मग आम्ही मूर्खपणा केला. ड्रायव्हर म्हणाला, अरे हिरो आहेस की तू. शिपाई म्हणाला, लपवून काय ठेवत होतास. संध्याकाळी मी त्याला गाठलं आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "अरे, तुझ्या चेहऱ्याला तर काहीच नाही झालेलं."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सिस्टर, ज्याचं काही होण्यासारखं नसतं त्या पेशंटशी आपण असंच बोलतो."

मग त्याने मला दाखवलं. डावा जबडा आत गेला आहे, उजव्याच्या मानाने खाली आहे, आणि त्यावरच्या त्वचेला खड्डे आहेत, लांबूनसुद्धा दिसतात. मी चष्मा लावला. खिडकीशी नेऊन पाहिलं. नखाएवढासुद्धा फरक दिसेना. तसं सांगितलं तर तो म्हणाला, ट्यूबलाइटमध्ये बघा. ट्यूबलाइटमध्ये पाहिलं.

त्या दिवसापासून मी अडकले. आता मला माहीत होतं, म्हणून तो मलाच विचारायचा. सकाळी आल्या आल्या, "आज जास्त दिसतंय का?" ओपीडीच्या मधेच खिडकीतून खूण करून तेच. मी "नाही रे, मस्त दिसतोस" म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा, पण दहा मिनिटांपुरताच. पुन्हा प्रश्न तयार. एकदा इंजेक्शन भरता भरता मी नुसतंच "हं" म्हणाले, तर दिवसभर "हं" का म्हणालात, हे विचारत राहिला. वापीला त्वचेच्या दवाखान्यात तो तीन वर्षं जात होता. सुरतेला लेझर करून झालं होतं. आता तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात जबड्याचं ऑपरेशन ठरवत होता. मीसुद्धा कंटाळून एकदा म्हणाले, कर बाबा ऑपरेशन, म्हणजे एकदाचं सुटेल. शरीरालाच काही झालेलं नाही तर ऑपरेशन कशाचं, हा विचार नर्स असूनही मला आला नाही.

हिवाळ्यात आमच्याकडे आरोग्य मेळावा झाला. गर्दी ओसरल्यावर मंडपाच्या मागे उभा राहून तो पाणी प्यायला. नेमका तेव्हाच कुणीतरी सगळ्यांचा फोटो काढला आणि तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. कोपऱ्यात हा, मास्क हनुवटीखाली, डावी बाजू पुढे. ज्याने टाकला त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. आठवडा झाला तेव्हा रविवारी मी रिक्षा करून नरपडला गेले.

त्याची आई ओट्यावर बसली होती. बाजाराची पाटी पालथी घातलेली, म्हणजे तीही गेली नव्हती. मी कोण ते सांगितल्यावर तिने आत नेलं. घरात शिरताना मला भिंतीवर एक खिळा आणि त्याखाली चौकोनी फिकट डाग दिसला. ती म्हणाली, तिथला आरसा तिने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आहे. आधी तो तासन् तास आरशासमोर उभा राहायचा, आता आरसा बघून कपाळ भिंतीवर आपटतो. कपाटाच्या काचेला तिने वर्तमानपत्र चिकटवलं होतं. लग्नाचं विचारायला येणाऱ्यांना तर तिने दोन वर्षांपूर्वीच नको म्हणून सांगितलं होतं, कारण मुलगा फोटोच देत नव्हता.

"बाय," ती मला म्हणाली, "दर्यात गेलेल्याची वाट कशी बघायची ते मला ठावं हाय. खोलीत बसलेल्याची कशी बघायची, ते कोन सांगल?"

खोलीचं दार बंद होतं. मी बाहेर जमिनीवरच बसले आणि केंद्रातल्या गोष्टी सांगत राहिले. खिडकीवर शिपायाला बसवलंय, तो लोकांवर खेकसतो, असं सगळं. मग दाराला लागूनच त्याचा आवाज आला. तोही पलीकडे दाराला टेकून बसला होता.

"सिस्टर, झोपलो की उठूच नये असं वाटतं."

तीस वर्षं नर्सिंग केल्यावर असलं वाक्य ऐकून पुढे जाता येत नाही. मी सरळ विचारलं, जिवाचं काही करायचा विचार येतो का. तो म्हणाला, येतो. मी त्याच्या आईला खुणेने जवळ बोलावलं, घरात औषधं कुठे आहेत ते विचारलं आणि ती सगळी माझ्या पिशवीत भरली. तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण फार शांत बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सिस्टर, हा आजार आहे, याला नाव आहे. त्याच्याशी चेहऱ्यावरून वाद घालू नका. त्याला एकटं सोडू नका. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाऊ.

मी पुन्हा दाराशी बसले. या वेळी शब्द जपून वापरले.

"हे बघ, चेहऱ्याचं राहू दे. तू म्हणतोस तसा असेल, नसेल, मला त्यात पडायचं नाही. पण तुला झोप नाही, जेवण नाही, मरावंसं वाटतं. खिडकीवर असा पेशंट आला तर तू काय म्हणशील?"

कडी निघाली. मफलर गुंडाळलेला, डोळे खोल गेलेले. आईने ताटात भात वाढला. तो आमच्याकडे पाठ करून जेवला. आम्ही दोघी त्याची पाठ बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी त्याच्या उजवीकडे बसले होते. पोक्त, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी त्याला मास्क काढायला सांगितलं नाही. चेहरा चांगला आहे असंही म्हणाले नाहीत. दिवसातला किती वेळ यात जातो, एवढं विचारलं. तो म्हणाला, पाच-सहा तास. सुट्टीच्या दिवशी जास्त. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या उशिराच्या सगळ्या सकाळी आल्या. गाडी रोज चालू व्हायची. तोच आरशासमोरून निघू शकत नव्हता.

आजाराचं नाव बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा नखरा नाही, की आपल्या रूपाचं कौतुकही नाही. माणसाला खरोखर तसंच दिसतं आणि त्या दिसण्याची त्याला लाज वाटते. असे पुष्कळ जण आहेत, बायका आणि पुरुष दोन्ही, आणि बहुतेक जण आधी त्वचेच्या किंवा ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. ऑपरेशनने हे जात नाही. तो एकदम म्हणाला, "म्हणजे मी एकटा नाही?" आणि रडायला लागला. मास्क भिजला. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नवा काढून दिला.

गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलायचं होतं. मलाही काम मिळालं होतं. त्याने दिसण्याबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. हे त्याच्यापेक्षा मला जड गेलं. "सिस्टर, आज जास्त..." असं सुरू झालं की मी म्हणायचे, "डब्यात काय आणलंस?" तो चिडायचा. एकदा म्हणाला, तुम्ही दगड आहात. मी म्हटलं, हो, पण डब्यात काय आहे. शेवटी तोच हसला.

एकदम काही झालं नाही. आधी स्टोअरचं दार उघडं ठेवून जेवण. मग माझ्यासमोर बसून, पण उजवी बाजू माझ्याकडे करून. मग समोरासमोर. मध्येच सुरतेच्या दवाखान्यातून ऑपरेशनच्या तारखेसाठी फोन आला आणि तो आठ दिवस पुन्हा अंधारात गेला. या वेळी त्याने स्वतःहून मॅडमना सांगितलं. ऑपरेशन रद्द केलं असं तो कधी म्हणाला नाही. पुढे ढकललंय, म्हणायचा. आम्हीही ते तसंच राहू दिलं.

वर्षभराने एक दिवस तो खिडकीवर मास्कशिवाय बसला. कात्री त्याच्या हातून दोनदा खाली पडली. मी मुद्दाम जवळच पट्ट्या मोजायचं काम काढून उभी होते. रांगेत पहिली एक म्हातारी होती, दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येणारी. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं.

म्हातारी माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आमचा डाक्टर कठं गेला? हा नवा कोन बसवला?"

"आजी, मीच तो," तो म्हणाला.

तिने कान पुढे केला. "परत बोल."

"मीच आहे आजी. गुडघा कसा आहे?"

"आवाज तोच हाय," म्हातारीने निकाल दिला, हात पुढे केला आणि गोळ्या घेऊन चालती झाली. चेहऱ्याबद्दल तिला काहीच म्हणायचं नव्हतं. तिची गाडी सुटत होती.

त्या दिवशी त्याने मोजून चाळीस मिनिटं काढली आणि मग मास्क लावला. दुसऱ्या दिवशी तासभर.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले आणि त्याची बदली जव्हारकडे झाली. घरापासून लांब, तिथेच खोली घेऊन राहतो. डहाणू बाजारात त्याची आई भेटते. मी नको नको म्हणत असताना वाट्यावर दोन पापलेटं जास्त टाकते आणि सांगते, पोरगा जेवतो म्हने वेळेवर. यापुढे ती काही सांगत नाही, मीही विचारत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांशी फोनवर बोलतो, तिकडे थंडी फार आहे. मग मला राहवलं नाही. जे विचारायचं नाही असं शिकवलं होतं तेच मी विचारलं. म्हटलं, आता काय दिसतं रे आरशात?

"तसंच दिसतं सिस्टर," तो म्हणाला. "पण हल्ली मला तेवढा वेळ नसतो."

तेवढ्यात त्याच्या खिडकीशी कुणीतरी आलं. एक मिनिट, म्हणून त्याने फोन बाजूला ठेवला, बंद करायचा मात्र राहिला. कुणीतरी म्हातारा असावा. हा त्याला विचारत होता, कुठून आलात, बरोबर कोण आहे, चालत जाणार की जीप मिळेल. म्हातारा खोकत खोकत सांगत होता. मागे कुठेतरी बादली भरल्याचा आवाज येत होता. मी चुलीवरचं दूध उतरवलं, फोन कानाला तसाच ठेवला आणि तो माणूस जाईपर्यंत ऐकत उभी राहिले.